मोकळ्या जागेची शिवण

चाकरीची चौतीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेल्यामुळे ज्याला कसलाही तपशील वहीत उतरवून घेतल्यावाचून चैन पडत नाही, अशा माणसाला गोधडीच्या कामात मध्यस्थ नेमणे हे माझ्या पुतणीचे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु वाईस राहणारा घरातला एकुलता एक माणूस मी, आणि शिवणारी बाई माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर राहणारी, तेव्हा या व्यवहाराची सारी जबाबदारी ओघानेच माझ्यावर येऊन पडली. पुतणी पुण्यास असते व घरांचे आराखडे काढणे हा तिचा व्यवसाय. माझ्या आईची, म्हणजे तिच्या आजीची, लुगडी अकरा वर्षे फडताळात पडून होती. त्यांची तिला गोधडी हवी होती. मात्र 'घरोघर असते तशी नको, काका, आधुनिक हवी' अशी तिची फर्माईश होती.

आधुनिक म्हणजे काय, याचा खुलासा तिने सोबत आणलेल्या ग्राफच्या कागदावर होता. गोधडी ६० इंच रुंद व ९० इंच लांब. कागदावरचा एक चौकोन म्हणजे कापडाचा एक इंच. डाव्या बाजूने वरपासून खालपर्यंत सहा इंचांचा काळा पट्टा, तो आईच्या चंद्रकळेचा. त्याच्या शेजारी हिरव्या व जांभळ्या लुगड्यांच्या एकात एक बसवलेल्या तीन चौकटी, आणि उरलेले सारे, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश क्षेत्र, माझ्या वडिलांच्या धोतरांचे पांढरे, निखालस मोकळे. 'एवढी जागा पडीक का ठेवलीस?' असे मी खात्यातल्या सवयीने विचारले, तेव्हा ती हसली आणि या रिकाम्या जागेसाठीच तर बाकीचे सारे आहे, असे म्हणाली. मला ते तेव्हा कळले नाही. एवढे मात्र वाटले की बाईचे काम हलके होणार, आणि मजुरी ठरविताना ही गोष्ट आपल्या पथ्यावर पडेल. या हिशेबात मी किती चुकलो, ते पुढे येईलच.

तिने काही छायाचित्रेही आणली होती. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या एका मोठ्या वळणात जीझ बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तेथे राहतात. तेथील बायकांनी शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून आपल्या मुलाबाळांना थंडी वाजू नये म्हणून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि त्यापाठोपाठ न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतींवर मांडल्या गेल्या, व २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांच्यावर तिकिटेही काढली. आपल्याकडे मात्र गोधडीची प्रतिष्ठा बैराग्यापुरतीच राहिली. गाडगेबाबांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत आणि त्यांना मान देत. पण घरात पाहुणा आला की हीच वस्तू आतल्या खोलीत दडविण्याची रीत मी लहानपणापासून पाहिली आहे. ते असो. बाईने ती छायाचित्रे एकेक करून डोळ्यांजवळ नेली, आणि एकात एक चौकटींच्या एका गोधडीवर तिचे बोट थांबले. 'ह्ये आपलंच हाय की,' ती म्हणाली, 'फकस्त आपली चौकट दोऱ्याची आस्ती, ह्येंची कापडाची.' त्या वळणावरच्या बायका या नमुन्याला घराचे छप्पर म्हणतात, हे पुतणीने सांगितल्यावर तिला त्यात काही नवल वाटलेले दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी कापडाची तपासणी झाली. आमच्या खात्यात दस्तऐवज तपासणारा मुरब्बी कारकून मजकूर वाचण्याआधी कागद उजेडात धरून पाहत असे; तशीच ही बाई उंबऱ्यात बसून प्रत्येक लुगडे उन्हाकडे धरीत होती. जिथून ऊन चाळणीसारखे गळे, तिथे ती खडूने फुली मारी. मग कापड तिरपे ओढून पाही. ओढल्यावर जागेवर परत येणारे एका ढिगात, ताणून तसेच राहणारे दुसऱ्यात. शेवटी ओला अंगठा कापडावर घासून तो पांढऱ्या चिंधीला पुशी. जांभळ्या लुगड्याने रंग सोडला, म्हणून ते मिठाच्या पाण्यात भिजत पडले. इरकली लुगड्याचा तांबडा रेशमी पदर पुतणीने मोठ्या हौसेने पुढे केला होता, तो तिने कौतुकाने हात फिरवून बाजूला ठेवला: अंग सुती आणि पदर रेशमी, दोघांचे आटणे वेगळे, पहिल्याच धुण्यात शेजारचे कापड चुण्या धरील. हे सारे तिने फार तर चार शब्दांत सांगितले. त्याचे निवेदन मी करतो आहे.

चंद्रकळेने मात्र दगा दिला. संक्रांतीला आई ती नेसत असे, एरवी ती घडी करून ठेवलेली. आणि नेमक्या त्या अकरा वर्षांच्या घडीवर कापड आतून चिरत गेले होते. बाहेरून काही दिसत नव्हते. बाईने पट्टा फाडण्यासाठी कडेला दाताने चीर देऊन दोन्ही हातांनी ओढ दिली, तेव्हा चर्रकन सरळ जाणारा आवाज मध्येच बदलला आणि पट्टा आडवा तुटला. एकदा नव्हे, दोनदा. ९० इंचांचा अखंड पट्टा निघणे अशक्य झाले. पुतणीचा चेहरा उतरला. काळी रेघ अखंड असणे हा तिच्या आराखड्याचा कणा होता, आणि बाजारातून नवे काळे कापड आणण्यापर्यंत तिची तयारी होती. बाईने कागद हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि विचारले, 'ताई, ह्यो कागद कुटं धुयाचाय?' मग हिरव्या लुगड्याचा तांबडा काठ, रुंदीला दोन बोटे, तिने त्या दोन्ही तुटींमध्ये आडवा बसवून दाखविला. तुकडे जोडल्यावर काळा पट्टा जणू दोनदा श्वास घेण्यास थांबला होता. पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने आपल्या कागदावर लाल पेन्सिलीने त्या दोन खुणा केल्या. मूळ नकाशात दुरुस्ती होऊन तिच्यावर धन्याची सही झाल्याचा तो प्रसंग माझ्या वहीत तारीखवार नोंदलेला आहे.

चैत्रातल्या एका सकाळी बाईने आपल्या घरातली फरशी पुसून कोरडी केली, पंखा बंद केला आणि दार लावून घेतले. खाली जुन्या लुगड्याचे दोन तुकडे जोडून केलेले अस्तर, त्यावर धोतराचे दोन थर, सर्वांत वर जोडलेला दर्शनी भाग. प्रत्येक थर पसरल्यावर ती गुडघ्यांवर बसून तळव्यांनी मधून बाहेर हवा लोटीत जाई व कोपऱ्यांवर वजने ठेवी: पाटा, वरवंटा, कोळशाची जुनी इस्त्री आणि चौथ्या कोपऱ्यावर, दुसरे काही हाताशी नसल्यामुळे, माझी वही. नंतर वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून चारही थर एकमेकांशी बांधून टाकले.

येथे एक खुबी सांगितली पाहिजे. पाश्चात्य रीतीत बहुधा मधून कडेकडे शिवीत जातात, म्हणजे थरांमधला सैलपणा बाहेर ढकलला जाऊन कडेशी कापून टाकता येतो. आपली गोधडी नेमकी उलटी. ती कडेपासून सुरू होते आणि फेऱ्यामागून फेरा घालीत आत जाते, देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्याने दर फेऱ्याला पाऊलभर आत सरकावे तशी. अर्थात सगळा सैलपणा आत आत लोटला जाण्याचे भय असते, आणि शिवणारी कच्ची असेल तर शेवटी मधोमध झोळ येऊन गोधडीचे पोट सुटते. बाईचा डावा हात त्यासाठी सतत अस्तराखाली असे. उजवा हात सुई चालवी, पण काम डावाच करीत होता: खालचा थर केसभर मागे घेणे, वरचा केसभर पुढे सोडणे, आणि बोटाच्या पेरावर सुईचे टोक लागले की ती आरपार आली हे ओळखणे. त्या पेरावरची कातडी टाचेसारखी घट्ट झाली होती. अंगुस्तान तिने वापरून पाहिले होते. त्याने बोट आंधळे होते, असे ती म्हणे.

पुतणीची इच्छा होती की मोकळ्या जागेत टाके आडव्या सरळ ओळींनी जावेत. बाईने यावर प्रथमच ठाम नकार दिला. आडवी ओळ म्हटली की तिला दोन टोके आली, टोकाला गाठ आली, आणि गोधडी ओढताना, झटकताना पहिली सुटते ती कडेची गाठ. फेऱ्यात दोरा संपला तरी शिवण संपत नाही, नवा दोरा जुन्याच्या पोटात शिरतो. पुतणीने हा जाबसाल ऐकून घेतला आणि ओळींचा हट्ट सोडला.

आणि मग ती मोकळी जागा आली. वस्तुतः चौकटींवरून बाईची सुई झरझर जात असे, कारण लुगड्याच्या पोतात आणि रंगात टाका थोडा इकडेतिकडे झाला तरी खपून जातो. मात्र पांढऱ्या धोतरावर पांढऱ्या दोऱ्याचा टाका म्हणजे उघड्या माळावर चालणारा माणूस, लपण्यास जागा नाही. संध्याकाळी पश्चिमेच्या दारातून तिरपे ऊन आले की प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंना बारीक वरंबे उठून दिसत, आणि एखादी ओळ नांगराच्या तासासारखी वाकडी गेली असेल तर ती स्वतःच चाडी करी. बाई त्या उन्हाची वाट पाहत असे. वाकडे गेलेले टाके ती सुईच्या मागच्या अंगाने उसवी, कापड नखाने घासून भोके मिटवी आणि पुन्हा घाली. एके दिवशी दुपारभर शिवलेली सबंध बाजू तिने संध्याकाळी उसवली. जिला मी पडीक जमीन समजलो होतो, तिचीच मशागत सर्वांत अधिक होती. रिकामी दिसणारी ती जागा टाक्यांनी गच्च भरलेली होती, फक्त ते दिसण्यास ऊन कलावे लागे.

तेव्हा मी हिशेब मांडला. अर्ध्या इंचावर एक ओळ, क्षेत्र ५,४०० चौरस इंच. म्हणजे शिवण १०,८०० इंच, अर्थात ३०० वार. इंचाला पाच टाके धरले तर ५४,००० टाके. घड्याळ लावून पाहिले तर उसवण्यासकट तासाला सरासरी १२० इंच होत. म्हणजे ९० तास, आणि घरकाम व शेत सांभाळून रोजचे तीन तास मिळत असल्यामुळे एक महिना. बाईने २,००० रुपये सांगितले होते, आणि मी कारकुनी चातुर्याने त्यातून काही सोडवून घेण्याच्या विचारात होतो. भागाकार केल्यावर ताशी बावीस रुपये आले. तो हिशेब मी दोनदा पडताळून पाहिला आणि पुतणीला रात्री दूरध्वनी केला. तिने ४,५०० रुपये ठरवले, आणि पुढे हेही म्हणाली की हा आकडा आपल्याला आधीच सुचावयास हवा होता.

बाईला वाढीव मोबदला सांगितला, तेव्हा ती आनंदित होण्याऐवजी थोडी अवघडली. तिच्या सासरी, पलीकडच्या खोऱ्यात, गोधडी कोणी विकत शिवून घेत नसे. सुगी उरकल्यावर एकीच्या अंगणात चौघी-पाचजणी बसत, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. 'इर्जिकीवानी,' ती म्हणाली, 'च्या-पानी घेतलं की झालं. पैक्याचं कुनाला ठावं.' मग जरा थांबून, 'पर तवा आमी टाकं मोजत न्हवतो.' या वाक्यात तक्रार होती की नुसती आठवण, हे माझ्या वहीला ठरविता आले नाही. पैसे मात्र तिने मोजून घेतले, आणि ते योग्यच केले.

वैशाखात फेरे आत येत येत शेवटी तळहाताएवढी जागा उरली. त्या दिवशी पुतणी पुण्याहून मुद्दाम आली होती. बाईने स्वयंपाकघरातून भाकरीचा नखाएवढा तुकडा आणला, त्या उरलेल्या जागेची शिवण न घेतलेली सांद बोटाने उघडून तो दोन थरांमध्ये सरकवला आणि वरून टाके घालू लागली. गोधडी उपाशी ठेवू नये, एवढेच कारण तिने दिले. 'मावशी, मुंग्या नाही का लागणार?' पुतणीने विचारले. 'लागत्याल की. कितीशी खात्याल?' ती सुई न थांबविता म्हणाली.

शेवटची गाठ कापडाच्या पोटात ओढून घेतल्यावर मी घडी करण्यास हात पुढे केला, तेव्हा तिने मला अडविले. कामाला आरंभी तीन सुया काढल्या होत्या; सोबतच्या डबीत दोनच होत्या. पुढची अर्धी घटका ती आणि पुतणी दोघी गोधडीवर रांगत, डोळे मिटून, तळवे दाबत फिरत होत्या, आणि मी कोपऱ्यातले पाटा-वरवंटे हलवून फरशी चाचपीत होतो. तिसरी सुई सापडली ती माझ्या वहीच्या कातडी पुठ्ठ्यात खोचलेली. केव्हातरी दोरा ओवण्यासाठी हात मोकळे करताना बाईनेच ती तिथे टोचून ठेवली होती. तिने ती उपसली, पदराने पुसली, तिन्ही सुया पुन्हा एकदा मोजल्या आणि डबीचे झाकण लावले. मग म्हणाली, 'आता न्या.'