आधी घर, मग खेकडा

राजूरपासून समुद्र सुमारे ४०० किलोमीटर लांब. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पहिल्यांदा पाहिला तो दादरच्या चौपाटीवर, ६ डिसेंबरच्या गर्दीत. अशा आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात समुद्राकाठचे दोन पाहुणे आले. मुंबईचा भाचा सुटीत आला तो आमच्या धाकटीसाठी प्लॅस्टिकच्या डबीत शंखात राहणारे दोन खेकडे घेऊन. एकाच्या शंखाला लाल रंग दिलेला, दुसऱ्याच्या शंखावर फुटबॉलचे चित्र. डबीत मूठभर रंगीत खडे आणि ओल्या स्पंजचा तुकडा. "काही करावे लागत नाही, बिस्किटाचा चुरा टाका आणि पाणी शिंपडा," असे दुकानदाराने भाच्याला सांगितले होते.

आम्ही तसेच केले. त्यांतला एक आमच्या हातून मेला. दुसरा आजही जिवंत आहे. एक का मेला आणि दुसरा का जगला, हे आम्हाला नंतर कळले. आता आपल्या लोकांच्या घरीही मुले मासे, पोपट, कासव मागतात. हौस वाईट नाही, पण माहितीवाचून केलेली हौस मुक्या जिवाला भोवते. म्हणून हा लेख.

हा खेकडा वेगळा कसा?

ओढ्यातला खेकडा आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात मुले दगडाखाली हात घालून तो काढतात. त्याची पाठ कठीण असते. या शंखातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याचे पुढचे अंग आणि नांगी कठीण, पण पोटाकडचा भाग मऊ आणि वळलेला. तो झाकायला तो गोगलगाईचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात पोट घालून घर पाठीवर घेऊन चालतो. शंख तो स्वतः तयार करत नाही. अंग वाढले की त्याला मोठा शंख शोधावा लागतो.

इंग्रजीत याला हर्मिट क्रॅब म्हणतात. हर्मिट म्हणजे एकांतात राहणारा संन्यासी. नाव असे असले तरी जमिनीवर राहणारी ही जात घोळक्याने राहते. एकट्याला ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा श्वास. तो जमिनीवर राहत असला तरी कल्ल्यांनी श्वास घेतो आणि ते कल्ले सतत ओलसर राहावे लागतात. हवा कोरडी झाली की त्याचा जीव हळूहळू गुदमरतो. आमच्याकडे मे महिन्यात दोरीवरचे लुगडे अर्ध्या तासात वाळते. तेथे उघड्या डबीतल्या स्पंजाने काय होणार?

आमची चूक

डबी लहान वाटली म्हणून आम्ही खेकडे एका जुन्या टबात ठेवले आणि तळाला बोटभर ओली वाळू घातली. तीन आठवड्यांनी लाल शंखवाला दिसेना. तो वाळूत शिरला होता. चार दिवस वाट पाहिली. घरात कोणी म्हणाले, मेला असेल, वास सुटेल. आम्ही चमच्याने वाळू उकरली. आत तो पांढुरका आणि मऊ पडलेला होता. शेजारी त्याचीच रिकामी कात होती. धाकटीला वाटले दोन खेकडे झाले. आम्हाला वाटले आजारी आहे, म्हणून पाण्याने धुऊन वर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो खरोखर मेला.

तो आजारी नव्हता. साप कात टाकतो तशी तो कात टाकत होता. खेकड्याचे कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून तो ओल्या वाळूत खोल जातो, जुने कवच सोडतो, नवे कठीण होईपर्यंत अंधारात पडून राहतो आणि कवचातला चुना परत मिळावा म्हणून जुनी कात खातो. लहान खेकड्याला यासाठी काही आठवडे लागतात, मोठ्याला दोन महिने किंवा त्याहून अधिक. नेमक्या त्या वेळी आम्ही त्याचे घर उकरले. धाकटी दोन दिवस नीट जेवली नाही. तिने विचारले, "तो झोपला होता तर तुम्ही त्याला का उठवले?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

काचेची पेटी

त्यानंतर आम्ही जाणत्यांना विचारले, वाचले आणि दुसऱ्यासाठी नीट घर केले. त्याची रीत अशी.

पेटी काचेची हवी. जाळीच्या पिंजऱ्यात ओलावा टिकत नाही. तीन-चार लहान खेकड्यांना दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी पुरते. जालन्याला माशांच्या पेट्या करणाऱ्याकडून आम्ही जुनी, किंचित ओरखडे पडलेली पेटी घेतली. पाणी भरायचे नसल्याने ओरखड्यांनी बिघडत नाही. वर काचेचे झाकण ठेवावे आणि हवेसाठी बारीक फट सोडावी. झाकणावर वजन ठेवावे, कारण हा प्राणी पेटीच्या कोपऱ्यातल्या चिकटपट्टीला धरून वर चढतो आणि पळतो.

तळाला निदान सहा इंच वाळू हवी. नदीची बारीक वाळू चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. पाच भाग वाळूला एक भाग कोकोपीट मिसळावे. रोपवाटिकेत त्याची वीट मिळते. खत मिसळलेली घेऊ नये, आणि साधीही दोनदा धुऊन घ्यावी. वाळूचा किल्ला करता येईल इतकीच ती ओली असावी. तळाशी पाणी साचले तर वाळू सडते.

पेटीतली हवा दमट, म्हणजे ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास, आणि उष्णता २४ ते २९ अंशांच्या दरम्यान असावी. दोन्ही दाखवणारे छोटे यंत्र मिळते, ते आत लावावे. अंदाजाने चालत नाही. उन्हाळ्यात आम्ही पेटी रांजणाच्या खोलीत जमिनीवर ठेवतो आणि तीन बाजूंनी ओले पोते लावतो. ऊन पेटीवर कधीही पडू देत नाही. डिसेंबरच्या थंडीत काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर, ऊब देणारी पट्टी लावतो. पट्टी खालून लावली तर वाळू सुकते.

दोन वाट्या पाणी

या खेकड्याला एक वाटी गोडे आणि एक वाटी खारे, असे दोन प्रकारचे पाणी लागते. वाट्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या घ्याव्यात आणि बाहेर चढता यावे म्हणून आत खडे ठेवावेत.

ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. ती माणसाच्या आरोग्यासाठी आवश्यक, पण खेकड्याच्या कल्ल्यांना घातक. पाणी उघड्या टबात दिवसभर उन्हात ठेवले की क्लोरिन उडून जाते. माशांच्या दुकानात त्यासाठी थेंबही मिळतात. खाऱ्या पाण्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ आणून एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम घालावे.

तांब्याच्या भांड्यातले पाणी तर अजिबात देऊ नये. आपल्याला ते चांगले वाटते, पण तांबे या जातीच्या प्राण्यांना विष आहे. तसेच कपाशीवर फवारणी करून आलेल्या हाताने पेटीला हात लावू नये आणि त्या खोलीत डासांची उदबत्ती किंवा फवारा वापरू नये. किडा मारणारे औषध खेकड्यालाही मारते.

खाणे सोपे आहे. उकडलेले अंडे, अंड्याच्या टरफलाची पूड, शेंगदाणा, खोबरे, पेरू, पपई आणि मीठ धुऊन काढलेली सुकी मासळी, हे सगळे थोडे थोडे आणि आलटून पालटून द्यावे. चुन्यासाठी समुद्रफेनाचा तुकडा कायम आत ठेवावा. तिखट-मीठ घातलेले, तळलेले आणि बिस्किटे देऊ नयेत. रात्री ठेवलेले सकाळी काढून घ्यावे.

रिकामे शंख आणि घरकुलाची यादी

प्रत्येक खेकड्यामागे तीन-चार रिकामे शंख पेटीत ठेवावेत. त्यांची तोंडे सध्याच्या शंखापेक्षा थोडी मोठी असावीत. ते उकळून घ्यावेत. रंगवलेले शंख नकोत. रंगाचे पोपडे निघतात आणि खेकडा ते खातो. आमच्या शो-केसमध्ये कोकणच्या सहलीत आणलेले चार शंख वर्षानुवर्षे धूळ खात होते. ते उकळून आत ठेवले. तिसऱ्या रात्री फुटबॉलवाल्याने आपले चित्र टाकून दिले आणि साध्या करड्या शंखात बिऱ्हाड केले.

किनाऱ्यावर एखादा मोठा शंख रिकामा पडला की हे खेकडे त्याभोवती जमतात आणि पुष्कळदा मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावतात. सर्वांत मोठा नव्या शंखात गेला की त्याचा जुना शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. एका रिकाम्या घराने पाच-सहा जणांची सोय होते. घरकुलाच्या यादीत नाव शोधणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको. म्हणून किनाऱ्यावरचे शंख पिशव्या भरून आणू नयेत. कोणाचे तरी घर त्यात असते.

आणण्यापूर्वी विचार करा

मुंबईला गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांत ओहोटीला शंखातले खेकडे दिसतात. ते समुद्राच्या पाण्यात राहणारे आहेत. बाटलीत घालून आणले तर गावी पोहोचण्याआधी मरतात. मुलांना ते तेथेच दाखवावेत. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने सामान्य माणसांना ओहोटीच्या वेळी हे जीवन दाखवण्याचे चांगले काम केले आहे.

जमिनीवरची जात घरात वाढते, पण घरात तिची पिल्ले होणे फार दुर्मीळ. मादी अंडी समुद्रात सोडते आणि पिल्ले सुरुवातीला तेथेच तरंगत वाढतात. म्हणजे दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो. याच कुळातला अंदमान-निकोबारचा मोठा नारळी खेकडा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. म्हणून आमचा सल्ला असा की हौसेसाठी नवा विकत घेऊ नये. कोणाकडे दुर्लक्षित पडलेला असेल तर त्याला सांभाळावे. आमच्या एकट्या राहिलेल्याला सोबत म्हणून आम्ही मुंबईच्या एका ओळखीच्या कुटुंबाने कंटाळून बाजूला ठेवलेले दोन आणले.

आम्ही कारकुनी करतो, हिशेबाची सवय आहे. खेकडे जेवढ्याला आले त्याच्या कितीतरी पट खर्च त्यांच्या घराला आला. दुकानात ही बाजू कोणी सांगत नाही. नीट सांभाळले तर हा प्राणी वीस-तीस वर्षेही जगू शकतो. आपली मुलगी सासरी जाईल तेव्हाही तो असेल, हे धरून निर्णय घ्यावा.

गेल्या पावसाळ्यात जुना खेकडा पुन्हा वाळूत गेला. धाकटीने पेटीवर कागद चिकटवला: "आत काम चालू आहे. उकरू नये." एक आठवडा गेला, महिना गेला. आम्हीच दोनदा अस्वस्थ झालो. तिने हात लावू दिला नाही. "वास आला तर बघू," म्हणाली, आणि ते बरोबर होते, कारण मेलेल्याची दुर्गंधी लपत नाही. बावन्नाव्या दिवशी रात्री वाळू हलली. तो वर आला, खाऱ्या पाण्याच्या वाटीत शिरला आणि बराच वेळ तेथेच बसला. रंग गडद, नांगी मोठी. धाकटीने आम्हाला झोपेतून उठवले, पण पेटीजवळ बोलू दिले नाही.

मुलांना प्राणी द्यायचा असेल तर आधी त्याचे घर त्यांच्या हाताने तयार करून घ्या. वाळू धुताना, पाणी ठेवताना जे मूल कंटाळणार नाही, ते प्राणीही सांभाळील. आणि तो वाळूत गेला की मोठ्यांनीही हात आवरावा.