चुलीच्याच आचेवर फिरणारा पंखा

गळीत हंगाम सुरू झाला, की बारामती-इंदापूर पट्ट्यात साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. फडात जाण्यापूर्वी तीन दगडांची चूल पेटते. जळण ओलसर असले, की धूर डोळ्यांत जातो आणि फुंकणी हाती येते. फुंकणीचे हे काम पंखा करू शकतो. त्याला लागणारी वीजही चुलीच्या उष्णतेतूनच मिळू शकते.

दोन वेगळ्या धातूंच्या जोडांपैकी एक गरम आणि दुसरा थंड ठेवला, की विद्युतप्रवाह वाहतो. थॉमस सीबेक यांना १८२१ मध्ये आढळलेल्या या परिणामावरच हा पंखा चालतो. आज त्यासाठी बिस्मथ टेल्युराइडची पातळ चकती वापरतात. तिची एक बाजू चुलीला, तर दुसरी ॲल्युमिनियमच्या पात्यांना चिकटलेली असते. पंख्याचा वारा ही पाती थंड ठेवतो. दोन्ही बाजू सारख्याच तापल्या, तर वीज थांबते. उष्णतेचा जेमतेम पाच टक्के भाग विजेत बदलतो. पण छोट्या पंख्याला एक-दोन वॉट पुरतात.

थंड देशांत असा पंखा बंद लोखंडी शेगडीवर ठेवतात. तो खोलीत ऊब पसरवतो. धूर कमी करत नाही. आपल्याला वारा हवा तो चुलीच्या आत. धूर म्हणजे अर्धवट जळलेले जळण. तापलेल्या लाकडातून निघणाऱ्या वायूंना ज्वाळेच्या वरच्या भागात पुरेशी हवा मिळाली, तर ते भांड्यापर्यंत पोचण्याआधीच बरेचसे जळून जातात. पंख्याच्या चुलीत त्यासाठी वरच्या बाजूला छिद्रे असतात.

अडचण सुरुवातीची. चूल पेटवताना चकती थंड असते आणि धूर नेमका तेव्हाच जास्त होतो. म्हणून आधीच्या स्वयंपाकात भरलेली छोटी बॅटरी जोडावी लागते. आच फार झाली, तर चकती निकामी होते.

घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पंख्याने धूर घटतो, संपत नाही. गॅसची बरोबरी तो करत नाही. पंखा नसला, तरी तीन गोष्टी हातात आहेत: जळण झाकून सुकवणे, ढलप्या बारीक फोडणे आणि चुलीचे तोंड लाकडांनी गच्च न भरणे.