बर्फावरचा कारभारी

२१ जून. वाशीम जिल्ह्यात मृग सरत आलेला असतो, रिसोड-मालेगावकडे सोयाबीनच्या पेरणीची घाई असते आणि जो तो मान वर करून आभाळ बघत असतो. त्याच दिवशी पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे, 'मैत्री' नावाच्या भारतीय तळावर, वीस-पंचवीस माणसे मेजवानीला बसतात. बाहेर कित्येक आठवड्यांत सूर्य उगवलेला नसतो. 'मिडविंटर' हा अंटार्क्टिकावरचा सगळ्यात मोठा सण. जात, धर्म, देश काही आड न येणारा. देशोदेशींचे तळ त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छा धाडतात आणि आमच्याकडची सगळी माणसे सुखरूप आहेत, असे कळवतात. हे कळवण्याची जबाबदारी तळप्रमुखाची, आणि हा लेख त्याच्याविषयीच आहे.

इतिहास थोडक्यात उरकू. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' या जहाजाने निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम नेते, एकूण माणसे २१. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी बर्फावर पाऊल ठेवले. तिसऱ्या मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हा पहिला तळ उभारला. पुढे तो बर्फात गाडला गेला. १९८९ मध्ये 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' हे तळ उभे राहिले. सगळा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

या इतिहासात मराठी नावे बरीच आहेत, पण ती फारशी कुणाच्या तोंडी नसतात. नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. सहाव्या मोहिमेचे नेते डॉ. परुळेकर आणि बाराव्या मोहिमेचे डॉ. धारगळकर, दोघेही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे. अलीकडचे एक उदाहरण चाळिसाव्या मोहिमेचे. जानेवारी २०२१ मध्ये करोनाचा धाक असताना ही मोहीम गोव्याहून 'वासिली गोलोव्निन' जहाजाने निघाली. तिच्यात तळांचे नेतृत्व भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे अतुल सुरेश कुलकर्णी आणि हवामान खात्याचे रवींद्र संतोष मोरे यांच्याकडे होते. कोणताही आजार सोबत नेऊन चालणार नव्हते, म्हणून निघण्याआधी सगळ्यांना विलगीकरणात राहावे लागले.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. मोहिमेचा नेता वेगळा आणि हिवाळ्यात तळावर राहणारा नेता वेगळा. पहिल्याच्या हाती जहाज, हेलिकॉप्टर, उन्हाळ्यातली धावपळ. त्याचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. दुसऱ्याचे काम जहाज परत फिरल्यावर सुरू होते. तिसऱ्या मोहिमेचे नेते डॉ. हर्ष गुप्ता परतले आणि 'दक्षिण गंगोत्री'वर लष्करी अधिकारी सत्य स्वरूप शर्मा यांच्या हाताखाली ११ माणसे राहिली. भारतीयांनी अंटार्क्टिकावर काढलेला तो पहिला हिवाळा. समुद्र गोठलेला, विमान उतरणार नाही, बदली माणूस मिळणार नाही. जे आहेत त्यांनाच घेऊन वर्ष काढायचे.

प्रस्तुत लेखकाला या विषयाचे वेड लागले त्याला आता बरीच वर्षे झाली. वास्कोजवळच्या सडा टेकडीवरच्या त्या केंद्रात उणे २० अंशांवर जपलेले बर्फाचे नमुने बघायला म्हणून तो गेला, आणि तिथून परतला तो मात्र तळावरच्या स्वयंपाकघराच्या गोष्टी ऐकून. हिवाळा काढून आलेल्या माणसाला बोलते केले, की वादळ आणि पेंग्विन दहा मिनिटांत संपतात. मग सुरू होते ती 'गॅली ड्यूटी'.

गॅली म्हणजे जहाजाचे स्वयंपाकघर. तोच शब्द तळावर रुजला. आचारी असतो, पण त्याच्या हाताखाली राबायला रोज पाळी लावलेली असते: भाज्या चिरायच्या, भांडी घासायची, फरशी पुसायची. पाळीतून कुणालाही सूट नाही. शास्त्रज्ञ असो, डॉक्टर असो, मेकॅनिक असो की खुद्द तळप्रमुख. हा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण नेत्याची सारी पत यावरच ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. आपल्याकडे सप्ताहाच्या पंगतीत जो म्होरक्या स्वतः बादली घेऊन वाढायला उतरतो, त्याच्या एका हाकेला गाव उठते. तळावरही तसेच आहे. आपली पाळी दुसऱ्याच्या गळ्यात घालणाऱ्या प्रमुखाचा शब्द जुलैतल्या वादळात कोण ऐकेल?

आणि तळावर ऐकणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. वादळात एकट्याने बाहेर पडायचे नाही, जाताना नोंद करायची, पेटत्या वस्तूजवळ हवा खेळती ठेवायची. हे नियम शाळकरी वाटतात. पण नवव्या मोहिमेत, १९९० च्या जानेवारीत, डोंगरातल्या छावणीवर तंबूत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने चार भारतीयांचा जीव घेतला. त्या वायूला रंग नाही, वास नाही. त्यानंतर या नियमांना कुणी शाळकरी म्हणू नये.

'मैत्री'पासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर रशियाचा नोव्होलाझारेव्हस्काया तळ आहे. तिथली १९६१ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तळ तेव्हा नवाकोरा, माणसे डझनभर आणि डॉक्टर एकच, २७ वर्षांचे लिओनिद रोगोझोव्ह. एप्रिलअखेर त्यांच्याच पोटात दुखू लागले. अपेंडिक्स! बाहेर हिमवादळ, विमान येण्याची सोय नाही. त्यांनी स्वतःच स्वतःचे पोट उघडायचे ठरवले. भूल फक्त कातडीपुरती. एक हवामानतज्ज्ञ हत्यारे देत होता, एक मेकॅनिक आरसा आणि दिवा धरून उभा होता. आरशात सगळे उलटे दिसते, म्हणून डॉक्टरांनी बरेचसे काम हाताने चाचपून केले. पावणेदोन तास लागले. दोन आठवड्यांत ते पुन्हा कामावर होते.

ही गोष्ट जगभर डॉक्टरांच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण त्या खोलीत आणखी एक माणूस होता, तळप्रमुख व्लादिस्लाव गेर्बोविच. त्यांनी आधी मॉस्कोची परवानगी मिळवली. मग ते खोलीत थांबले, कारण दोघा मदतनिसांपैकी कुणी चक्कर येऊन पडला, तर त्याच्या जागी उभे राहायला कुणीतरी हवे होते. हातात हत्यार नाही, आरसा नाही, पण तिथून हलायचेही नाही. हिवाळी प्रमुखाचे काम नेमके काय, याचे इतके नेटके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

याच कारणाने अर्नेस्ट शॅकल्टनपेक्षा प्रस्तुत लेखकाला फ्रँक वाइल्ड अधिक भावतो. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरचे 'एन्ड्युरन्स' जहाज बुडाल्यावर २४ एप्रिल १९१६ रोजी मोहिमेचा नेता शॅकल्टन पाच जणांसह होडीतून मदत आणायला निघाला. त्या सफरीवर पुस्तकांचे ढीग आहेत. एलिफंट बेटावर उरलेल्या माणसांचा म्होरक्या होता वाइल्ड. त्याच्यासकट ती बावीस. उलट्या घातलेल्या दोन होड्यांखाली त्यांनी चार महिने काढले. साहेब आजच येतील असे सांगून वाइल्ड रोज सकाळी सगळ्यांना अंथरुणे गुंडाळायला लावी. ३० ऑगस्टला साहेब खरेच आले. बावीसच्या बावीस जिवंत होते.

गंमत म्हणजे संशोधक सांगतात, की सगळ्यात कठीण काळ ऐन काळोखाचा नसतो. अर्धा मुक्काम संपला, मिडविंटरची मेजवानी झाली, की पुढच्या काही महिन्यांत माणसे चिडचिडी होतात. झोप बिघडते, जेवणाच्या टेबलावर जागेवरून कुरबुर होते. निम्मे संपले हा आनंद ओसरून निम्मे उरले हे दिसू लागते. अशा वेळी प्रमुखाला कॅलेंडरचा आधार मोठा. १५ ऑगस्टचे झेंडावंदन, कुणाचा वाढदिवस, कॅरमची स्पर्धा. दिवाळीपर्यंत रात्र जेमतेम उरते, त्यामुळे आकाशकंदिलाला अंधार मिळणे अवघड; फराळाला मात्र अडचण नाही.

पूर्वी या सगळ्यात पत्राचे मोल फार होते. 'दक्षिण गंगोत्री'वर १९८४ मध्येच टपाल कार्यालय सुरू झाले. आता तळावर इंटरनेट आहे, तरी ५ एप्रिल २०२४ रोजी 'भारती'वरही टपाल कार्यालय उघडले. अंटार्क्टिकावरची भारतीय टपाल कार्यालये महाराष्ट्र परिमंडळात मोडतात आणि 'भारती'चा पिन कोड आहे 'एमएच-१७१८'. म्हणजे टपाल खात्याच्या हिशेबात आपली हद्द थेट दक्षिण ध्रुववृत्तापलीकडे पोचते!

स्त्रियांना हिवाळ्यासाठी तळावर राहायला मिळायला बरीच वर्षे जावी लागली. २००० मध्ये डॉ. कंवल विल्कू यांनी तिथे हिवाळा काढणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला. 'इस्रो'च्या मंगला मणी ४०३ दिवस राहून २०१७ च्या अखेरीस परतल्या, तेव्हा 'भारती'वरच्या २३ जणांच्या चमूत त्या एकट्या महिला होत्या. वयाची पन्नाशी त्यांनी केव्हाच ओलांडली होती.

शेवटी आपल्या जिल्ह्यातल्या पोरांसाठी दोन शब्द. अंटार्क्टिका म्हणजे पीएच.डी. झालेल्यांचेच काम, हा समज डोक्यातून काढून टाका. हिवाळ्यातला तळ जनरेटर, पाण्याचे पंप आणि बर्फावर चालणारी वाहने यांच्या जिवावर उभा असतो. ती चालवायला मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, प्लंबर, सुतार, क्रेनचालक, नर्स आणि आचारी लागतात. वास्कोचे केंद्र अशा जागांच्या जाहिराती काढते. निवड झालेल्यांची कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडातल्या औलीला बर्फावरचे प्रशिक्षण मिळते. वाशीम, कारंजा, मंगरूळपीरच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्या मास्तरांनी या जाहिरातींवर नजर ठेवावी. अर्ज करण्याआधी घरी दोन-चार दिवस भांडी घासून बघायला हरकत नाही.