स्वस्त खोक्याची खरी किंमत

चाकणच्या कारखान्यात येणारा सुटा भाग बहुधा पन्हाळीदार पुठ्ठ्याच्या खोक्यात येतो. तेथून बाहेर पडणाऱ्या काही मोटारींच्या आसनांवर चामडे असते. आपल्याला दिसते ती पोलादाची औद्योगिक वसाहत. तिच्यामागे उभी असलेली रसायनांची दुनिया मात्र दिसत नाही.

लाकडातील तंतू मोकळे करण्यास कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड लागते. पुठ्ठ्याचे थर जोडणाऱ्या स्टार्चच्या खळीतही कॉस्टिक सोडा व टाकणखार असतो. कातड्यावरील केस काढण्यास चुना व सल्फाइड, आणि ते कमावण्यास क्रोमियमचे क्षार वापरतात. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल व हिरडा घालून जे चामडे अनेक दिवसांत कमावले जाते, ते क्रोमियमने एक-दोन दिवसांत तयार होते. तेव्हा रसायनांना सरसकट दूषणे देणे शहाणपणाचे नव्हे.

प्रश्न आहे तो उरलेल्या रसायनांचा खर्च कोणी सोसावा हा. मोठ्या कागद गिरण्या काळे द्रावण जाळून सोडा परत मिळवितात, कारण त्यात त्यांचा लाभ आहे. लहान गिरण्यांना ती यंत्रसामग्री परवडत नाही. चामडे कमावण्याच्या नेहमीच्या पद्धतीत सुमारे एक तृतीयांश क्रोमियम सांडपाण्यात जाते. हा खर्च कारखान्याच्या खतावणीत नोंदला जात नाही, म्हणूनच माल स्वस्त भासतो. तामिळनाडूत पालार नदीकाठच्या शेतकऱ्यांनी तो आपल्या जमिनी आणि विहिरी नासू देऊन भरला. अखेर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या खटल्यात, जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व मान्य केले.

महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ मध्येच, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी, कायदा केला. तरीही गेल्या काही वर्षांत आळंदीस इंद्रायणीवर वारंवार फेस दिसला. त्याला कारखान्यांइतकेच गावोगावचे मैलापाणीही कारण आहे. हेच पाणी तुळापुरास भीमेला मिळते आणि पुढे पंढरीस चंद्रभागा म्हणून वाहते.

केवळ कायद्याने हे थांबणार नाही. खोक्याची मजबुती काटेकोरपणे तपासणाऱ्या कारखान्यांनी, ते बनविणाऱ्याच्या सांडपाण्याची चौकशीही खरेदीच्या अटींत घालावी. त्यामुळे वस्तू थोडी महागेल. ती वाढ आपण ग्राहकांनी निमूटपणे सोसली पाहिजे. नदीच्या नावावर केलेली उधारी कोणाला तरी फेडावीच लागते. आणि आजवर ती बहुधा ज्याने काहीच विकत घेतले नाही, त्यानेच फेडली आहे.