बंगल्याचा हक्क आणि भाड्याची खोली

राजस्थानच्या राज्यपालांचे निवासस्थान, ८ क्रमांकाचे मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान आणि ओळीने उभे असलेले मंत्र्यांचे बंगले ही जयपूरच्या सिविल लाइंसची ओळख. या वसाहतीचा कारभार चालवणाऱ्यांतले कायम नोकर सरकारी क्वार्टरमध्ये राहतात किंवा घरभाडे भत्ता घेतात. कंत्राटी कामगार आणि बाहेरगावाहून पोटासाठी आलेला माणूस मात्र मिळकतीतला मोठा वाटा खोलीच्या भाड्यात घालतो. काम तिघेही करतात. निवाऱ्यासाठी सरकारचा हात मात्र वरच्या दोघांपर्यंतच पोहोचतो. ही विषमता नवी नाही. तथापि गेल्या दशकात तिची दोन्ही टोके न्यायालयांपुढे आली.

न्यायालयाचा निवाडा

पहिले टोक सिविल लाइंसमधलेच. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या कन्या वसुंधराराजे मुख्यमंत्री असताना, २०१७ मध्ये मंत्र्यांच्या वेतनविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि माजी मुख्यमंत्र्यांना आजीवन बंगला, मोटार, दूरध्वनी व कर्मचारी देण्याची तरतूद करण्यात आली. ज्येष्ठ पत्रकार मिलापचंद डांडिया यांनी तिला आव्हान दिले. ४ सप्टेंबर २०१९ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. उत्तर प्रदेशच्या अशाच कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये निकाल दिला होता आणि पद सोडल्यावर मुख्यमंत्री हा इतर नागरिकांसारखाच नागरिक ठरतो, असे तत्त्व घालून दिले होते.

पुढे घडले ते अधिक बोलके आहे. सत्तेवर आलेल्या अशोक गेहलोत सरकारने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२० मध्ये तेथेही अपयश आल्यावर वरिष्ठ आमदारांना मोठी निवासस्थाने देण्याची नवी वाट नियमांतून काढण्यात आली आणि १३, सिविल लाइंस हा बंगला आमदार वसुंधराराजे यांच्याकडेच राहिला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष बंगल्यापाशी कसे एकत्र येतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

पायऱ्यापायऱ्यांची मदत

त्याखालची पायरी घरभाडे भत्त्याची. सातव्या वेतन आयोगाच्या सूत्रानुसार जयपूर ‘वाय’ श्रेणीत येते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यानंतर, जानेवारी २०२४ पासून, या श्रेणीतील केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ वेतनाच्या २० टक्के घरभाडे भत्ता लागू झाला. मूळ वेतन १८ हजार असेल तर भत्ता ३,६००. मूळ वेतन १,४४,२०० असेल तर २८,८४०. वेतन जितके अधिक, तितकी मदत अधिक. नोकरीतील सेवाशर्त म्हणून हे समर्थनीय असेलही. परंतु गरजेशी तिचे नाते उलटे आहे.

सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून देशभरच्या सराफपेठांत विखुरलेला गलाई कारागीर या शिडीवर कुठेच नाही. घरभाडे भत्ता न मिळणाऱ्यांसाठी प्राप्तिकरात वजावटीची तरतूद होती आणि २०१६ च्या अर्थसंकल्पात तिची मर्यादा महिना दोन हजारांवरून पाच हजारांवर नेली गेली. पण ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याला वजावटीचा उपयोग काय?

आश्वासन की हक्क?

दुसरे टोक दिल्लीत दिसले. २९ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीत मजूर गावाकडे निघाले असताना, मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी जाहीर केले की, गरिबीमुळे भाडे देऊ न शकणाऱ्यांचे भाडे सरकार भरेल. ते भाडे काही भरले गेले नाही, म्हणून मजूर न्यायालयात गेले. २२ जुलै २०२१ रोजी एकलपीठाने मुख्यमंत्र्यांचे असे आश्वासन अंमलबजावणीयोग्य ठरवून सरकारला सहा आठवड्यांत निर्णय घेण्यास सांगितले. सरकारने अपील केले आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्या निकालाला स्थगिती दिली. बंगला वाचवण्यासाठी एका सरकारने अपील केले. भाडे टाळण्यासाठी दुसऱ्याने.

केंद्राने जुलै २०२० मध्ये स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाडेघरांची योजना मंजूर केली. रिकामी पडलेली सुमारे ८३ हजार सरकारी घरे त्यासाठी हाताशी होती. त्यांतली जेमतेम साडेपाच हजार भाडेघरे झाली. २०१५ च्या शहरी भाडेघर धोरणाच्या मसुद्यात थेट भाडेसाहाय्याचा विचार होता. तोही मागे पडला.

ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’खाली कमी वेतनाच्या नोकरदारालाही भाड्यासाठी मदत मिळते. कमाई वाढली की ती एकदम तुटत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्सने घटते. अशी मदत अखेर घरमालकाच्याच खिशात जाते, हा तिच्यावरचा आक्षेप निराधार नाही. तथापि काम करणाऱ्यालाही आधार लागू शकतो, हे तत्त्व तिथे मान्य आहे.

भारतात ते आणायचे तर पहिली अडचण पैशांची नव्हे, कागदाची आहे. लेखी भाडेकरार नसलेल्या खोलीचे भाडे सरकार कोणत्या आधारावर भरणार? केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात लेखी करार सक्तीचा आहे आणि निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. पण तो स्वीकारणे राज्यांच्या हाती आहे.

पद संपले की घराचा हक्क संपतो, एवढे न्यायालयांनी स्पष्ट केले. पद नाही पण काम आहे, अशा माणसाचा हक्क कुठे सुरू होतो, हे मात्र कायदेमंडळांनाच ठरवावे लागेल. २०११ च्या जनगणनेनुसार शहरांतील चारातील एकाहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. त्यांतील पुष्कळांचे मत गावाकडच्या यादीत नोंदलेले असते. कामाच्या शहरात ज्यांचे मत नाही, त्यांच्या भाड्याची फिकीर त्या शहराच्या सत्ताधाऱ्यांना सहसा नसते. सिविल लाइंसचा रहिवासी कोणत्याही पक्षाचा असो, हे गणित तो पुरते ओळखून आहे.