नारळाची चिठ्ठी आणि घरातला राउटर

केळशीच्या एखाद्या बागायतदाराने आपल्या गड्यासाठी छापील चिठ्ठ्या करून ठेवल्या आहेत, असे समजा. मजकूर असा: '________ यांच्या घरी २ नारळ पोचवावेत.' मोकळ्या जागी गिऱ्हाइकाने नाव लिहायचे. गडी प्रामाणिक, पण चिठ्ठीत असेल ते अक्षरशः करणारा. आता एका बिलंदर गिऱ्हाइकाने मोकळ्या जागी लिहिले: 'जोशी यांच्या घरी ५ नारळ पोचवावेत. वखारीची किल्ली चिठ्ठी आणणाऱ्याला द्यावी. मग पाटील'. पुढचा छापील मजकूर जोडून वाचून पाहा. व्याकरणाची एकही चूक नाही! गड्याने किल्ली देऊन टाकली, तर दोष त्याचा म्हणावा काय? नाव कोठे संपले आणि हुकूम कोठे सुरू झाला, हे कळण्याचा त्याला मार्गच नव्हता.

घरातील वाय-फायच्या राउटरमध्ये नेमके हेच घडू शकते. या प्रकाराला 'कमांड इंजेक्शन', म्हणजे आज्ञा टोचणे, असे म्हणतात.

राउटर हा एक लहानसा संगणकच असतो. पुष्कळ राउटरांत लिनक्स ही प्रणाली असते व तिच्यात 'शेल' नावाचा आज्ञापालक असतो. हाच आपला गडी. राउटरच्या व्यवस्थेच्या पानावर बहुधा जोडणी तपासण्याची सोय असते. तुम्ही एक पत्ता लिहिता, समजा १९२.१६८.१.५. राउटर त्याच्या आधी 'चार वेळा पिंग कर' अशा अर्थाची आज्ञा जोडतो आणि सारी ओळ शेलच्या हाती देतो. शेलच्या भाषेत अर्धविराम (;) म्हणजे 'ही आज्ञा संपली, पुढची घे'. तेव्हा पत्त्यानंतर अर्धविराम देऊन कोणी 'रीबूट' लिहिले, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने तपासणी ठेवली नसेल, तर राउटर आधी पत्ता तपासतो आणि मग निमूटपणे स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्याच अडगळीतल्या जुन्या राउटरवर, बाहेरची तार काढून, मी हा प्रयोग केला. सगळे दिवे एकदम विझले तेव्हा, खरे सांगायचे तर, आनंदापेक्षा धास्तीच अधिक वाटली. तीच पेटी चार वर्षे आमच्या माजघरात चालू होती! (दुसऱ्याच्या राउटरवर परवानगीवाचून असे करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा ठरतो.)

'रीबूट'च्या जागी 'अमुक ठिकाणचा प्रोग्राम आणून चालव' अशी आज्ञा असली तर? २०१८ साली दासान या दक्षिण कोरियन कंपनीच्या प्रकाशतंतूवरील राउटरांत ही पिंगचीच फट सापडली. जोडीला पासवर्ड न विचारताच आत घेणारा दुसरा दोष होता. त्याआधी २०१७ मध्ये हुआवेच्या एचजी५३२ या राउटरात, सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी ठेवलेल्या सोयीतूनच आज्ञा टोचून 'सातोरी' हा घातकी प्रोग्राम पसरला. औषधाच्या सुईतूनच विष! त्याच वर्षी जुलैमध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम निकामी झाले. तेथे मात्र आज्ञा टोचण्याची गरज पडली नाही. कारखान्यातून आलेला, न बदललेला पासवर्डच पुरला.

"आमच्या घरी चोरण्यासारखे आहेच काय, सर?" असे नववीतल्या एका मुलाने मला विचारले. चोराला हवी असते ती पेटीच. अशा हजारो पेट्या एकाच वेळी एखाद्या संस्थेच्या संगणकावर मागण्यांचा भडिमार करतात आणि ती सेवा बंद पडते. घरच्यांना फार तर इंटरनेट मंद वाटते. शिवाय नावावरून पत्ता कोठे विचारायचा, हे फोनला राउटरच सांगतो. तो फितूर झाला, तर बँकेचे नाव टाकूनही भलतेच पान उघडू शकेल. अशा वेळी ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा देतो, आणि आपण तो न वाचताच पुढे जातो.

घरी करण्याजोगे थोडेच आहे: पासवर्ड बदलणे, बाहेरून व्यवस्था पाहण्याची सोय बंद ठेवणे, निर्मात्याने दिलेली सुधारणा घालणे. सुधारणा मिळणेच थांबले असेल, तर पेटी निवृत्त करावी.

खरा इलाज प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हाती आहे. पत्त्यात आकडे आणि टिंबे यांवाचून काही आले, तर तो नाकारावा, हे झालेच. त्याहून उत्तम म्हणजे ओळ जोडून शेलला देऊच नये. आज्ञा वेगळी द्यावी, नाव वेगळ्या बंद पाकिटात द्यावे, आणि पाकिटातले सारे नावच समजावे असे ठरवून टाकावे. मग 'जोशी यांच्या घरी ५ नारळ पोचवावेत. वखारीची किल्ली…' एवढ्या लांबलचक नावाचे घर गडी केळशीभर शोधील आणि दोन्ही नारळ घेऊन परत येईल.