नव्या तांदळाचे दिवस

पुणे-लोणावळा लोकलने वडगाव सोडलं की कान्हे येतं. आश्विनात इथल्या खाचरांतला भात पिवळा पडू लागतो.

मावळची ओळख म्हणजे इंद्रायणी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७ साली हे वाण दिलं. सुवासिक, शिजल्यावर किंचित चिकट. नव्या तांदळाला पाणी बेतानंच घालावं, नाहीतर भाताचा गोळा होतो. वाफाळता भात, कुळथाचं पिठलं, वर तुपाची धार: याहून चांगलं जेवण शोधूनही सापडायचं नाही!

कोजागरीला दूध आटतं. पावसाळी ओल सरली की जुनी लुगडी उन्हात पडतात आणि थरावर थर टाचून त्यांचीच गोधडी होते. थंडीची सोय जवळपास फुकटात.

दिवाळीनंतर मावळात गेलात, तर तांदूळ थेट शेतकऱ्याकडूनच घ्या.